समोर काढलेली धार

तळापासून ढवळल्याशिवाय दुधात पळी घालायची नाही, हे मी दूध संकलन केंद्रावर इतक्या जणांना ओरडून सांगितलंय, की पाठीमागे सगळे मला फौजदारीण म्हणतात. म्हणोत बापडे. वरवर नमुना घेतला की नुसती साय हाती येते आणि कुणाचंही दूध दाट ठरतं. नीट ढवळायचं, कोरड्या बाटलीत घ्यायचं, लगेच बर्फात ठेवायचं. तिथे आपला-परका बघायचा नाही.

आणि पाणी निघालं ते माझ्या आईच्या कॅनमध्ये.

आधी वाटलं, बाटलीच ओली असेल. दुसरी घेतली, तरी तेच. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. केंद्रावर कुजबुज सुरू झाली. आयुष्यभर ताठ मानेनं दूध घालणारी माझी आई! मला तिचा राग आला, कुजबुजणाऱ्यांचा आला, स्वतःच्या बाटल्यांचाही आला.

आता एकच वाट होती. दूध संघाच्या तपासनिसांसमोर धार काढायची आणि गोठ्यातच नमुना घ्यायचा. गाईचंच दूध पातळ निघालं तर आई सुटली. दाट निघालं तर पाणी माणसानं घातलं, म्हणजे आईचं दूध केंद्रावर कायमचं बंद. बाबा गेल्यापासून ती माणसांशी कमी आणि गाईशी जास्त बोलायची. दूध बंद झालं की गाय विकावी लागणार, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

तपासनीस सकाळी आले. भला माणूस.

आई म्हणाली, "या साहेब. माझी परीक्षा घ्यायला आलात ना?"

"तुमची नाही काकू, गाईची."

"ती होईल पास. तिला लबाडी जमत नाही."

तिनं कॅनमध्ये गरम पाणी ओतलं, खळखळून विसळलं, झाकण लावलं आणि कॅन बाजूला ठेवला. आता पाणी ओतून देईल म्हणून मी वाट बघत होते. ती स्टूल ओढून गाईपाशी बसली. बादलीत धार वाजू लागली. तपासनिसांचं सगळं लक्ष बादलीकडे होतं. त्यांनी स्वतःच्या हातानं दूध ढवळलं, बाटली भरली, बर्फात ठेवली. मग आईनं झाकण उघडून बादली सरळ कॅनमध्ये उपडी केली.

बाटलीतलं दूध चांगलं दाट होतं, ते डोळ्यांनाच दिसत होतं. गप्प बसले तर आई चोर ठरत होती.

"साहेब, तिनं कॅन विसळला, पण पाणी ओतून द्यायला विसरली," मी म्हणाले. "रोजच विसरत असणार."

आईनं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी पाहुण्यांसमोर मी घरातलं काही बोलून गेले की अशीच बघायची.

"विसरले? मी?" तिचा आवाज चढला. "काही विसरलेबिसरले नाही. मीच घातलं पाणी. मुद्दाम घातलं. लिहा साहेब, पाणी घालते म्हणून लिहा."

"आई, काय बोलतेस तू हे!"

"तू गप्प बस. मला काहीही झालेलं नाही."

इतक्या हट्टानं चोरी कबूल करताना मी आजवर कुणाला पाहिलं नव्हतं. तिच्या अंगावर ओरडावं की तिला जवळ घ्यावं, मला कळेना. दोन्ही जमलं नाही. तपासनीस पेन उघडून तसेच उभे राहिले. त्यांनी काही लिहिलं नाही.

तेवढ्यात आईची नजर रिकाम्या बादलीवर गेली.

"अगं बाई! साहेब केव्हाचे खोळंबलेत आणि मी काय बोलत बसलेय? थांबा हं साहेब, धार काढायचीच राहिली."

ती बादली घेऊन पुन्हा गाईपाशी बसली. रिकामे सड ओढत राहिली. गाय पाय बदलू लागली.

आई माझ्याकडे वळून काळजीनं म्हणाली, "आज हिला काय झालंय गं?"