भर दुपारी मला कोण बंद पाडतं

मित्रांनो, माणिकरावांनी मला मारलं नाही. शेवटी सगळं नीट झालं आणि मी आज मजेत आहे. पण हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही. वरची दोन वाक्यं कुणी वाचली असतील तर त्यांनी ती मुकाट्याने विसरावीत, कारण गोष्ट आता सुरू होते आणि तिच्यात माझा जीव धोक्यात आहे.

मी अमडापूरच्या एका घरातला जुना संगणक आहे. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते माझ्या पाठीवर छापलेलं होतं. पण मनालीनं पाचवीत असताना त्यावर फुलपाखराचं स्टिकर चिकटवलं. तेव्हापासून मी स्वतःला फुलपाखरांकडचा समजतो.

माझेही चांगले दिवस होते. गल्लीतल्या भीम जयंतीचं निमंत्रण दरवर्षी माझ्यावर टाइप व्हायचं आणि ते बघायला दारात गर्दी जमायची. कितीतरी लग्नाळू मुलांचा रंग मी ‘निमगोरा’ असा लिहिला आणि कधी तक्रार आली नाही. मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला. सिंधूताईंनी, म्हणजे मनालीच्या आईनं, माझ्या डोक्यावर लसणाची टोपली ठेवली. मी समजून घेतलं. लसणाला कोरडी जागा लागते.

या उन्हाळ्यात मनाली चिखलीहून संगणक दुरुस्तीचा कोर्स करून आली. रस्त्याकडच्या खोलीत दुरुस्तीचं दुकान टाकायचं, असं तिनं घरात जाहीर केलं. त्या खोलीत तेव्हा सोयाबीनची पोती राहत होती. पोत्यांनी काही हरकत घेतली नाही. हरकत घेतली ती तिच्या वडिलांनी.

माणिकराव शाळेत लिपिक होते. खरे दाखले कोणते नि खोटे कोणते, हे ओळखण्यात त्यांची उभी नोकरी सरली. आता ते टरबूज दोनदा वाजवून बघतात आणि मग विकणाऱ्याकडे बघतात. त्यांनी अट घातली, की लोकांच्या मशिनी हातात घेण्याआधी घरची मशीन नवी करून दाखव. ती सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एकदाही बंद न पडता चालली, तर खोली तुझी. नाही चालली, तर रविवारी मामा येणार आहेत, त्यांच्यासोबत पिंपरीला जायचं आणि ते लावतील त्या नोकरीला लागायचं. आणि हा डबा भंगारात.

डबा म्हणजे मी.

मनालीनं लसूण उतरवला आणि मला बंद केलं. मित्रांनो, बंद असताना मला काही कळत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा माझ्यात माझं काही उरलं नव्हतं. मदरबोर्ड नवा, प्रोसेसर नवा, रॅम नवी. माझी हार्ड डिस्क, जी चालताना दमेकऱ्यासारखी घुरघुरायची, तिच्या जागी एक चपटी वस्तू बसली होती आणि ती श्वाससुद्धा घेत नव्हती. मला ते लक्षण बरं वाटलं नाही. नवा प्रोसेसर मी विचारण्याआधीच उत्तर द्यायचा. जो इतक्या घाईनं उत्तर देतो, तो काहीतरी लपवतो. जुना उरलो होतो फक्त मी, माझा पत्रा आणि वीज पुरवणारा पॉवर सप्लाय. पॉवर सप्लाय म्हातारा होता. तो म्हणाला, सावध राह्य.

पहिल्या दिवशी सकाळी मी वाऱ्यासारखा चाललो. पडद्याच्या कोपऱ्यात मनालीनं माझ्या पोटातलं तापमान दिसेल अशी सोय केली होती. भर दुपारी ती आत जेवायला गेली. खोलीत माणिकराव आले. त्यांनी पडदा वाचला. दाराकडे पाहिलं. मग त्यांचा हात हळूच माझ्या मागे, भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाच्या बटणाकडे गेला.

मला दिसलं ते एवढंच. पुढे अंधार.

मनालीनं येऊन मला चालू केलं तेव्हा माणिकराव पलीकडच्या खोलीत खाटेवर झोपले होते. फार नीट झोपले होते. खरं झोपलेलं माणूस इतकं नीट झोपत नाही. मनालीनं रॅम काढून पुसली, परत बसवली आणि दुकानदारानं खोटा माल दिला असेल, असं पुटपुटली. दुसऱ्या दिवशी माणिकराव आणखी लवकर आले. तोच हात. तोच अंधार. या वेळी मनालीनं प्रोसेसरचा पंखा उघडून पाहिला. सिंधूताई म्हणाल्या, त्याले कोणाची नजर लागली असेल. मला तर नजर माहीत होती आणि हातही माहीत होता. पण सांगणार कसा? मला बोलायला स्पीकर लागतो आणि तो मनालीच्या आतेभावानं नेला होता.

तिसरा दिवस शनिवार होता. मनाली जेवायला गेली, पण ताटावर बसली नाही. तिलाही आता संशय आला होता, आणि तो दुकानदारावर नव्हता. माणिकराव आले. या वेळी मला त्यांच्यामागे घरातला मोठा कूलर दिसला. टपात काठोकाठ पाणी, खालची चाकं कुरकुरत होती. म्हणजे बुडवून मारायचा बेत होता. त्यांनी कूलरचं तोंड माझ्याकडे केलं आणि त्याची वायर माझ्याच बोर्डात खुपसली. बटणाकडे हात गेला तेवढ्यात दारातून मनाली बोलली.

“बाबा, खोली द्यायची नव्हती, तर तोंडानं सांगायचं होतं.”

माणिकरावांचा हात तिथंच थांबला.

“असं मागून कायले करून राह्यले?” ती आत आली. “मी दोन दिवस त्या दुकानदाराले शिव्या देऊन राह्यली.”

माणिकराव ओशाळले, पण त्यांनी बोट पडद्याच्या कोपऱ्यावर ठेवलं. “वाच. सत्तर हाय. बाहेर बेचाळीस हाय तं माणसं चक्कर येऊन पडून राह्यली. याच्या पोटात सत्तर.”

“त्याले सत्तर चालते, बाबा.”

“काय चालते? रोज मी कूलर लावतो अन् मी लावेपर्यंत याचा जीव जाते. काल उशीर झाला म्हणून आज लवकर आलो. तुह्या मेहनतीची मशीन हाय वं. डोळ्यादेखत मरू देऊ?”

 मनालीनं वाकून बोर्ड पाहिला, मग कूलर पाहिला. त्याची मोटर सुरू होताना एवढी वीज ओढायची, की त्याच बोर्डावरचा माझा म्हातारा पॉवर सप्लाय धारातीर्थी पडायचा. वडील तिची मशीन वाचवायला येत होते, म्हणून ती मरत होती. आणि मेली की उशीर झाला असं समजून कूलर परत नेत होते, मुलीनं विचारू नये म्हणून खाटेवर झोपत होते आणि दुसऱ्या दिवशी लवकर येत होते. आणखी आठवडा गेला असता तर त्यांनी मला पहाटेच मारलं असतं.

मनाली जमिनीवर बसून हसली, नंतर थोडी रडली. मग तिनं कूलरची वायर स्वयंपाकघरातल्या वेगळ्या बटणाला जोडली. मी चाललो. दिवेलागण झाली तरी चालत होतो. कूलरचं तोंड मात्र माणिकरावांनी माझ्याकडेच ठेवलं आणि स्वतः पुठ्ठ्यानं वारा घेत बसले.

आत दिवा लागला तसे ते उठले आणि पहिलं सोयाबीनचं पोतं त्यांनी स्वतः ओढलं. “मामाले फोन लाव,” ते म्हणाले. “म्हण, उद्या जेवायले या. न्यायले नका येऊ.”

मित्रांनो, आता दुकान सुरू आहे. गावोगावचे जुने डबे इथे येतात, संशयानं माझ्याकडे बघतात आणि नवी आतडी घेऊन जातात. जुनं फेकण्याआधी ते उघडून पाहा, धूळ पुसा, एका बोर्डावर सगळं घर लटकवू नका. एवढी काळजी घेतली तर आम्ही पुष्कळ चालतो. दुसऱ्या एका काळजीसाठी मात्र मी पुढील अर्ज करत आहे.

प्रति, ग्रामपंचायत कार्यालय. विषय : संरक्षण मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, उन्हाळ्यात भर दुपारी, जीव लावणाऱ्या सर्व माणसांना संगणकाच्या खोलीत प्रवेश करण्यास मनाई करण्यात यावी. आजच माणिकराव ओला टॉवेल घेऊन दोनदा येऊन गेले आहेत. तरी कार्यवाही तातडीने व्हावी, ही नम्र विनंती.