जिन्यात पुटपुटणारी सून

मित्रांनो, बेल वाजली की दार उघडण्याआधी तुम्ही ज्याला डोळा लावता, ते दारातले जुने भिंग मी आहे. बोटाच्या पेराएवढी पितळी नळी आणि दोन काचा, एवढाच माझा पसारा. कारखान्यातली तपासनीस मला उजेडात धरून म्हणाली होती, "काच स्वच्छ आहे." माझ्या वाट्याला आलेली तेवढीच स्तुती. मग एका सुताराने तिसऱ्या मजल्यावरच्या या दाराला भोक पाडले, त्यात मला बसवले आणि तो निघून गेला.

माझा धंदाच संशयाचा. समोरचा जिना, कठडा आणि येणारा माणूस, सगळे मला फुगून दिसते. नाके मोठी आणि पाय बारीक. हसत येणाऱ्यावर मी जरा जास्तच नजर ठेवते.

बरीच वर्षे भाडेकरू आले नि गेले. मग दूरच्या देशातून एक कुटुंब राहायला आले. नवरा, बायको, दोन लहान मुली आणि नवऱ्याची आई. नवरा ट्रक चालवायचा, आठवडेच्या आठवडे बाहेर. सून इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायची. आजींना मात्र इथली भाषा ओ की ठो कळत नव्हती. बोलायला कोणी नाही, म्हणून त्या माझ्याकडे वळल्या. रोज ओल्या फडक्याने मला पुसायच्या आणि डोळा लावून उभ्या राहायच्या. माझी खरी किंमत त्यांनीच ओळखली.

आम्हा दोघींना संशय होता तो सुनेचा. धुलाईखाना चारला सुटायचा आणि ही यायची सहाच्या पुढे. बरे, आली तरी बेल वाजवायची नाही. समोरच्या पायरीवर बसायची, भिंतीकडे तोंड करायची आणि इथल्या भाषेत काहीतरी पुटपुटत राहायची. मध्येच कपाळावर हात मारून घ्यायची. मग उठून चेहरा नीट करायची आणि जणू आत्ताच आले, अशी बेल दाबायची.

"हातात फोन नाही, समोर माणूस नाही. मग बोलते कुणाशी?" आजी माझ्यापाशी कुजबुजत. कुठेतरी पाणी मुरत होते, हे मलाही पटले होते.

खरी गोष्ट मला नंतर कळली, पण तुम्हाला आत्ताच सांगते. लग्नापायी सुनेची शाळा अर्धवट सुटली होती. आता ती काम सुटल्यावर प्रौढांच्या शाळेत जात होती. तिथली परीक्षा झाली की नर्सच्या शिक्षणाला प्रवेश मिळणार होता. नवऱ्याला ठाऊक होते. सासूला सांगितले नव्हते, कारण नापास झाले तर घरात तोंड कुठे लपवायचे?

आजींनी तिला विचारायला हवे होते. पण त्यांनी पुरावा गोळा करायला घेतला. माझ्यावरचा डोळा बाजूला करून माझ्याखाली कान लावायचा, ऐकलेले भांडी घासताना घोकायचे. "लेक आला की शब्द न् शब्द म्हणून दाखवते. मग कळेल काय शिजतंय ते."

एका रविवारी सकाळी फाईल घेतलेली एक बाई जिना चढून आली. तिने पायपुसण्यावर बूट फार वेळ पुसले. मला ती तिथेच आवडली नाही. माझ्यातून तिला पाहताच सून चटकन बाहेर आली आणि तिने दार मागे ओढून घेतले. आजींचा डोळा लगेच माझ्यावर टेकला.

बाई शिक्षिका होती. म्हणाली, "वर्गातल्या चाचणीतलं तुमचं उत्तर आणि पुस्तकातलं पान, एका स्वल्पविरामाचाही फरक नाही. तुम्ही बघून लिहिलंत. मला वर कळवावं लागेल, मग परीक्षेला बसता येणार नाही."

"नाही हो मॅडम, पाठ केलं होतं. आमच्याकडे शाळेत असंच शिकवतात."

"अख्खं पान? म्हणून दाखवा बरं."

सुनेने तोंड उघडले. पहिले वाक्य आले, दुसरे अडकले. डोळे भरून आले. शिक्षिकेने फाईल उघडली. मला वाटले, संपले बिचारीचे.

आजींना बोलणे कळले नव्हते. पण बाहेरची बाई आपल्या सुनेला दटावते आहे, हे दिसत होते. सुनेचा संशय घ्यायचा तर तो आजींनी घ्यायचा, ही कोण लागून गेली? शिवाय सून ज्यात अडकली, ते शब्द त्यांना चांगलेच माहीत होते. त्यांनी धाडकन दार उघडले. मी गर्रकन भिंतीकडे फिरले. पुढचे मी फक्त ऐकले.

"मूत्रपिंडे पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना असतात. ती रक्त गाळतात... शी, चुकलं, पुन्हा! ती रक्त गाळतात आणि त्यातील टाकाऊ पदार्थ..."

आजी थांबेनात. सुनेच्या चुकांसकट, 'शी, चुकलं'सकट, सगळे पान त्यांनी एका दमात म्हणून टाकले.

"या कुठल्या वर्गात आहेत?" शिक्षिकेने चाचरत विचारले.

"त्यांना एक अक्षर कळत नाही मॅडम. मी रोज इथे पायरीवर घोकते, ते दारामागून ऐकलंय."

बाई इतकी हसली की जिना घुमला. मग फाईल मिटल्याचा आवाज आला. "परीक्षेला बसा. पण यापुढे पुस्तकातलं नको, तुम्हाला समजलेलं लिहा."

बूट खाली उतरून गेल्यावर आजी म्हणाल्या, "आता सांग. रोज मला शिव्या देतेस ना?"

"नाही हो आई. लघवी कशी तयार होते, ते आहे. नर्स व्हायचंय मला."

फटकन कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

"आणि हे मी लेकाला म्हणून दाखवणार होते!" आजी म्हणाल्या. "अगं, मग घरात बसून घोक की. जिन्यातली फरशी किती गार असते."

मित्रांनो, तेव्हापासून सून आत बसते. परीक्षा जवळ आली आहे. आजी समोर बसून ऐकतात आणि चुकले की टोकतात. मला पुसायला आता कोणाला सवड नाही. काचेवर धूळ साचली आहे आणि मला त्याचे वाईट वाटते. त्या शिक्षिकेच्या फाईलवर माझा अजूनही विश्वास नाही.

तरी एक विनवणी आहे. अनोळखी माणूस आला तर खुशाल माझ्यातून बघा, त्यासाठीच मी आहे. मला अधूनमधून पुसाही. पण रोज त्याच पायरीवर बसणारे माणूस आपल्या घरातले असेल, तर माझ्यावर विसंबू नका. दार उघडा आणि विचारा. दार उघडले की मला भिंतीशिवाय काही दिसत नाही, पण माझे काही बिघडत नाही.