कॅमेऱ्याला दिसलेला उजेड

तात्यारावांच्या बैठकीत त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांवर घोंगड्या टांगून अंधार केला होता. टेबलावर परभणीहून नुकताच विकत आणलेला रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ. त्याच्यापुढं उदबत्त्या लावलेल्या. एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला गडी, आणि सगळ्यांचे डोळे पडद्यावर.

पडद्यावर तेजोनाथ महाराजांनी उजवा हात वर केला. तळव्यातून निळसर पांढरा गोळा निघाला, हवेत डुलला, जरासा खाली वाकला आणि समोर हात जोडून उभ्या असलेल्या भुजंगच्या छातीत शिरला.

"शिरला! शिरला गं माय!" धुरपताबाई ओरडली आणि टीव्हीला दंडवत घालायला पुढं सरकली.

भुजंग तिथंच बसला होता, बायकोच्या शेजारी. स्वतःच्या छातीत उजेड शिरताना तो बघत होता. त्यानं आपोआप हात जोडले.

मी झरीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होते. भुजंगचं शिलाईचं दुकान आमच्या शाळेसमोर. पोरांचे गणवेश तोच शिवायचा, काज-बटणं त्याची बायको गीताबाई करायची. काही महिन्यांपूर्वी त्याला क्षय झाला. परभणीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावून सांगितलं, बरं वाटलं तरी मधेच सोडायच्या नाहीत. त्याला बरं वाटत होतं. खोकला थांबला होता, अंगावर मांस येत होतं. आणि अशात गावात महाराजांचा दरबार भरला.

दरबार भरला तेव्हा मी मैदानाच्या कडेला उभी होते. हात वर झाला, भुजंग पुढं गेला, महाराज काहीतरी पुटपुटले. उजेड कुणालाच दिसला नव्हता. महाराजांचा एक चेला तेवढा खांद्यावर कॅमेरा घेऊन फिरत होता. आता तोच चेला कॅसेट घेऊन आला होता.

"माउली, त्या दिवशी तुम्हाला का दिसलं नाही?" चेला हात नाचवत म्हणाला. "कारण माणसाच्या डोळ्यावर मायेचा पडदा! मशीनला माया आहे का? नाही! हा जपानी कॅमेरा आहे. जपान्याला महाराज कोण ठाऊक नाही, झरी कुठं ठाऊक नाही. तो कशाला खोटं दाखवील? आता सायन्सनंच सिद्ध केलंय, माउली. तेजोलहरी! अल्ट्रा तेजोलहरी!"

मग माझ्याकडं वळून हसला. "सायन्सच्या बाई बसल्यात. विचारा त्यांना."

सगळी बैठक माझ्याकडं बघायला लागली. अंगात येणारी बाई असती, भस्म काढणारा बुवा असता, तर मी म्हणाले असते की यंत्रानं तपासून बघू. इथं यंत्रच साक्षीला उभं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दुकानात गेले. भुजंग पायमशीन चालवत गुणगुणत होता.

"गोळ्या घेतल्यास का?"

"आता कशाला, बाई? महाराज म्हनले, विष हाय ते, सोड. दरबारापासूनच सोडल्यात." तो खुशीत होता. "आन् खरंच इख होतं बघा. ती लाल कॅप्सूल घेत व्हतो तवर लघवी बी लाल व्हायची. आता लय साफ झाली. रोग धुवून निघाला."

"अरे, तो लाल रंग कॅप्सूलचाच होता! कॅप्सूल बंद, रंग बंद. रोग आत तसाच आहे."

गीताबाईनं सुई थांबवली. "मंग त्यो उजेड?"

"तो उजेड खोटा आहे."

"मशीन खोटं बोलतंय व्हय?" भुजंग शांतपणे म्हणाला. "तुमीच तर पोरांला शिकवता, मशीन खरं सांगतंय म्हनून."

चेला कॅसेट तात्यारावांकडं ठेवून गेला होता, ती मी मागून घेतली. माणूस सरळ होता. "बघा की. तुमालाबी पटलं म्हंजे बरंच," म्हणाले. त्यांच्याच बैठकीत बसून मी ती चित्रं थांबवून थांबवून पाहिली. आणि एकेक गोष्ट दिसायला लागली. महाराज आणि कॅमेरा यांच्यामधे माइकचा दांडा उभा होता. गोळा त्याच्या मागून जायला हवा होता, तो दांड्यावरूनच गेला. एवढा लखलखीत उजेड, पण महाराजांच्या पांढऱ्या धोतरावर त्याचा कवडसा नाही, जमिनीवर कुणाची सावली नाही. कॅसेटमध्ये आणखीही रोगी होते. प्रत्येक वेळी गोळा तसाच डुलत होता, त्याच जागी वाकत होता. एक लहान मुलगी खाली बसलेली होती. तिच्या वेळीही तो उभ्या माणसाच्या छातीइतक्या उंचीनं गेला आणि तिच्या डोक्यावर, रिकाम्या हवेत विझला.

हेडमास्तर दिनकरराव माझं ऐकून गंभीर झाले. "तुमचं खरं आहे. पण दिवस बघा. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव मनं पेटलेली आहेत. तुम्ही बौद्ध, महाराज गावकऱ्यांच्या धर्माचे. लोक उजेडाचं ऐकणार नाहीत, तुमचं आडनाव ऐकतील."

"मग काय करू, सर? तो माणूस मरेल."



रविवारी मी कॅसेट घेऊन नांदेडला गेले. तिथं लग्नाच्या कॅसेटी करणारा एक स्टुडिओ होता. नवरा-नवरीभोवती फिरती कमळं आणि बदाम दाखवण्यात त्याचं नाव होतं. मालक सिताराम तरुण, हौशी माणूस. मी कॅसेट लावायला सांगितली. गोळा निघताच तो म्हणाला, "हा तर माझाच!"

"तुमचा?"

"मीच केलाय. महाराजांची माणसं आली होती, भक्तिगीताची कॅसेट आहे म्हणाली." त्यानं संगणक लावला. पडदा पूर्ण काळा, आणि त्या काळोखात तोच गोळा एकटाच डुलत होता. समोर कुणी नाही, मागं कुणी नाही.

"ही एकेक चित्रं काढून हलती केलेली. मागं मुद्दाम काळं ठेवायचं. मग दोन चित्रं एकत्र करणाऱ्या ह्या मिक्सरला सांगायचं, वरच्या चित्रात जिथं काळं असेल तिथं काहीच नाही असं समज आणि खालचं चित्र दिसू दे. काळं गळून जातं, गोळा तेवढा राहतो. काचेवर रंगवावं तसं. काच कशावरही ठेवा. नवरीवर ठेवा, महाराजावर ठेवा."

"माझ्यावर ठेवाल?"

त्यानं ठेवला. मी स्टुलावरच्या फुटक्या माठासमोर हात वर केला, त्यानं चित्रण केलं, आणि घटकाभरात माझ्या तळव्यातून तोच गोळा निघून माठात शिरला. मी त्याला एकाच कॅसेटवर ओळीनं सगळं भरून द्यायला सांगितलं: आधी काळ्यावरचा नुसता गोळा, मग नुसती मी, मग दोन्ही एकत्र.

तात्यारावांनी बैठक पुन्हा उघडून दिली. लोक आले. भुजंग आला. तो आता थोडा खोकत होता. मी कॅसेट लावली, प्रत्येक पायरी थांबवून समजावली. मग महाराजांची कॅसेट लावून दांडा दाखवला, नसलेली सावली दाखवली, खाली बसलेली मुलगी दाखवली. मला वाटलं, एवढं उघड झाल्यावर आता कोण काय बोलणार!

मग धुरपताबाई उठली, माझ्यापुढं आली आणि वाकून माझे पाय धरले.

"बाई, तुमच्या हातात बी हाय की वो! ह्या गुडघ्यावरून फिरवा एकदा."

"आजी, अहो, हे खोटं आहे म्हणूनच दाखवलं ना!"

"थोर मानसं असंच म्हनत्यात," ती म्हणाली.

मागून कुणीतरी बोललं, "यांला देवच न्हाई. दुसऱ्याचा कसा चालंल!" तात्यारावांनी त्याला दटावलं, पण ते स्वतःही माझ्याकडं बघेनात.

मी भुजंगजवळ गेले. "तुला तरी पटलं का?"

त्यानं छातीवर हात ठेवला. "तुमचं खरं असंल, बाई. पर तुमचा उजेड माठात गेला. माठाला काय कळतंय? माझा माझ्या छातीत गेलाय. मला ठावं हाय."

दिवाळीच्या सुमाराला त्याच्या थुंकीत रक्त आलं. मग गीताबाई आणि मी त्याला घेऊन परभणीला गेलो. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, सुया दिल्या, पण आता रोग औषधाला दाद देत नव्हता. अर्ध्यावर सोडलं की असं होतं, डॉक्टर म्हणाले. त्या दिवसांत भुजंग मुकाट्यानं गोळ्या घ्यायचा. महाराजांचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही, मीही काढलं नाही. थंडी सरायच्या आधी तो गेला. महाराज तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात दरबार भरवत होते. चेल्यानं सांगून पाठवलं की भुजंगची श्रद्धा कमी पडली.

पुढं एके दिवशी गीताबाई शाळेत आली. वर्गाबाहेर उभी राहिली. पदरात तात्यारावांकडून मागून आणलेली महाराजांची कॅसेट होती.

"बाई, याच्यात हे हायेत. चालत पुढं येत्यात, हात जोडत्यात. त्यांचा फोटो बी न्हाई माझ्याजवळ. नांदेडच्या त्या मानसाला सांगून तेवढा उजेड काढून घ्या ना. आन् त्यो महाराज बी. नुसते हे राहू द्या."

मी पुन्हा नांदेड गाठलं. सितारामनं कॅसेट हातात घेतली आणि मान खाली घातली. "बाई, बसवण्याआधी गोळा वेगळा, माणूस वेगळा. एकदा एकत्र भरलं की वेगळं होत नाही, आणि महाराज तर मूळ चित्रातच आहेत, ते कसे काढू? उजेडाखाली जे होतं ते ह्या कॅसेटवर उरलेलंच नाही. मूळ कॅसेट ते लोक घेऊन गेले, तिच्यावर केव्हाच दुसऱ्या गावाचं चित्रण भरलं असेल."

गीताबाईला मी हे जसंच्या तसं सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि कॅसेट पदरात घेऊन परत गेली.

म्हणून हे लिहिलं. यंत्र खोटं बोलत नाही, हे मीच पोरांना शिकवत होते. आता पुढचंही शिकवते. यंत्र त्याच्यापुढं ठेवलेलं दाखवतं, आणि ठेवणारा माणूस असतो. कुणी तुम्हाला चमत्काराचं चित्र दाखवलं, तर आधी विचारा, हे कुणी भरलं, कशावर भरलं, आणि खाली काय होतं? आणि विचारून होईपर्यंत, हात जोडून सांगते, औषध सोडू नका.