स्वयंपाकघराला कळवण्यात येते की

मी एक जुना कर्णा आहे. तोंड मोठे, मान बारीक आणि पोटात काही ठरत नाही, अशी माझी ठेवण. मूळचा रंग राखाडी होता. आता अर्धा गंज आहे आणि उरलेली समुद्रपक्ष्यांची कृपा.

मित्रांनो, मी आयुष्यात स्वतःचे असे काहीच बोललो नाही. पलीकडून कोणीतरी माइकमध्ये बोलते आणि मी ते मोठे करतो. बोलणे चांगले असेल तर लोक बोलणाऱ्याचे कौतुक करतात, वाईट असेल तर खापर माझ्यावर फुटते. गेल्या उन्हाळ्यात माझ्या तोंडून असेच एक वाक्य गेले आणि एक संसार बुडता बुडता राहिला. त्याचीच ही गोष्ट आहे.

माझा जन्म ज्या देशात झाला तो देश आता नकाशावर नाही. मी मात्र आहे, याचा मला थोडा अभिमान वाटतो. माझी पहिली नोकरी तारलीचे डबे भरणाऱ्या कारखान्यात होती. मासळीच्या होड्या किनाऱ्याला लागल्या की माझ्यातून हाक जाई, "बायांनो, तारली आली!" मग बायका हातातले काम टाकून, डोक्याला रुमाल बांधत धावत सुटत. माझ्या एका हाकेसरशी गावातली पोरे अर्धी न्हालेली राहत. असा मान पुन्हा मिळाला नाही.

त्या बायकांमध्ये दोब्रिला नावाची एक मुलगी होती. ती सगळ्यांच्या शेवटी येई आणि माझ्याकडे वर बघून म्हणे, "ओरड मेल्या, ओरड! मीठ भरो तुझ्या घशात!" पुढे तिचेच शब्द खरे झाले.

कारखाना बंद पडला. मी मागच्या अंगणात पडून राहिलो. एका कोंबडीने माझ्यात संसार थाटला आणि तीन वर्षे तिची अंडी सांभाळण्यात गेली. कर्ण्याच्या जातीला यापेक्षा मोठी बदनामी नाही. मग एके दिवशी दोब्रिला आली. केस पिकायला लागले होते, पण जीभ तशीच होती. "चल रे, ओरड्या," म्हणाली, कोंबडीला हुसकावले आणि मला काखेत मारून थेट त्रोगीरच्या धक्क्यावर घेऊन आली. तिथे 'झ्लाता' उभी होती. दोब्रिलाच्या आजोबांनी दारूची पिंपे वाहायला बांधलेली ही लाकडी नाव आता प्रवाशांना दिवसभर बेटे दाखवत फिरते. तिच्या डोलकाठीवर मला बसवले.

नावेचा कॅप्टन म्हणजे दोब्रिलाचा नवरा, प्रोश्पेर. तो मूळचा शिबेनिकचा, लग्नानंतर इथेच राहिला. आमच्याकडे पांढऱ्या मिशीच्या खलाशाला बार्बा, म्हणजे काका म्हणतात, म्हणून सारा धक्का त्याला बार्बा प्रोश्पेर म्हणतो. तो पुढे सुकाणूपाशी, दोब्रिला मागे शेगडीपाशी आणि दोघांच्या मध्ये मी. आमचा रस्ता ठरलेला असे. सकाळी धाकट्या द्र्वेनिकला, दुपारी थोरल्या द्र्वेनिकला पोहायला, मग शोल्ताला जेवण आणि संध्याकाळी परत.

प्रोश्पेर आधी इंग्रजीत म्हणे, "डावीकडे पाहा, जुना दीपस्तंभ." आणि त्याच दमात आमच्या बोलीत म्हणे, "दोब्रिला, कोबी चिरलास का गं?" प्रवासी माना डोलावत. कोणी कोणी कोबीचा फोटोही काढत, म्हणजे दीपस्तंभाचा. दोब्रिलाजवळ माइक नव्हता, ती कढईवर झाकण आपटून उत्तर देई. एकदा आपटले तर हो, दोनदा आपटले तर नाही. तीनदा आपटले तर त्याचा अर्थ मुलांच्या पुस्तकात छापता येणार नाही. बावीस वर्षे या दोघांनी सारा संसार माझ्यातून केला.

पण मला कोणी पुसले नाही. माझ्या माइकच्या खटक्यात हळूहळू मीठ साचत गेले. कधी तो दाबला तरी लागेना आणि कधी सोडला तरी सुटेना. तेलाचा एक थेंब पुरला असता. दोब्रिलाचे तेल भाजायच्या बांगड्यांना जाई आणि प्रोश्पेरचे इंजिनाला.

मग तो दिवस आला. जाळी शिवणारा दुये धक्क्यावर बसला होता. प्रोश्पेर सुकाणूपाशी ऐटीत रेलून त्याला म्हणाला, "नाव चालवायची तर कॅप्टन लागतो, दुये. मासे काय, कोणीही भाजतं!"

त्याने खटका सोडला होता, पण खटका सुटला नव्हता. पावाच्या दुकानापासून चर्चच्या पायऱ्यांपर्यंत "कोणीही भाजतं" हे माझ्या आवाजात घुमले. दोब्रिला बांगड्यांची पेटी घेऊन फळीवरून चढत होती. ती थांबली. पेटी खाली ठेवली. काहीच बोलली नाही. दोब्रिला काही बोलली नाही म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक होते ते उठून घरी गेले.

त्या दिवसापासून नऊ दिवस दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. आमच्या किनाऱ्यावर या हट्टाला दिश्पेत म्हणतात. आपले नुकसान झाले तरी चालेल, पण आधी आपण बोलायचे नाही. धंदा तर चालू होता. मग प्रोश्पेरने सरकारी वाट काढली. तो माझ्यातून जाहीर करी, "स्वयंपाकघराला कळवण्यात येते की वीस मिनिटांत नांगर पडेल." उत्तर म्हणून तीनदा झाकण वाजे. मला फार अपराधी वाटे. वाक्य त्याचे होते, पण तोंड माझे होते ना!

दहाव्या दिवशी सकाळी दोब्रिला एक मोठी बॅग घेऊन आली आणि ती बाकाखाली सरकवली. पाव घेताना ती दुकानदारणीला म्हणाल्याचे प्रोश्पेरने ऐकले होते, "आज संध्याकाळच्या बसनं ही बॅग जाणार." प्रोश्पेरचा चेहरा उतरला. त्यांची मुलगी झाग्रेबला असते. बस तिकडेच जाते. "कुठे निघालीस?" एवढे दोन शब्द त्याला विचारता आले असते. पण विचारले तर आधी बोलल्यासारखे झाले असते! तो बॅगेकडे बघायचा आणि इंजिनाकडे वळायचा.

त्या दिवशी ऑस्ट्रेलियातल्या एका क्लबाचे चौतीस म्हातारे-म्हाताऱ्या आले होते. पांढऱ्या टोप्या, छातीवर बिल्ले आणि इंग्रजीत "गुड मॉर्निंग". त्यांच्यात काठी टेकत आलेल्या पेरिना नावाच्या आजी होत्या. त्या मधल्या बाकावर बसल्या, नेमक्या बॅगेच्या वर.

धाकटे द्र्वेनिक मागे पडले. प्रोश्पेरने खोकून घसा साफ केला. "स्वयंपाकघराला कळवण्यात येते," तो आमच्या बोलीत म्हणाला, "की त्या दिवशी युगो वाहत होता. युगो वाहला की माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही."

युगो म्हणजे आमच्याकडचा दमट दक्षिणवारा. कोणाचेही काहीही चुकले की आम्ही त्याच्यावर ढकलतो. दोब्रिलाने दोनदा झाकण आपटले. आणि मित्रांनो, चौतीस ऑस्ट्रेलियन लोक खदखदून हसले. मला शंका आली. बावीस वर्षांत प्रवासी इतक्या बरोबर जागी कधी हसले नव्हते.

थोरल्या द्र्वेनिकला निळेशार, तळ दिसेल असे पाणी आहे. एरवी लोक नांगर पडायच्या आधीच उड्या टाकतात. त्या दिवशी एकही जण उतरला नाही. म्हाताऱ्या सगळ्या शेगडीभोवती जमल्या. म्हातारे सुकाणूभोवती जमले आणि एकाने प्रोश्पेरच्या पाठीवरून सहज हात फिरवला. तेवढ्यात पेरिना आजी काठी टेकत पुढे आल्या आणि आमच्याच बोलीत, तीही साठ वर्षांपूर्वीच्या ठसक्यात म्हणाल्या, "पोरा, त्या दिवशी युगो नव्हता."

प्रोश्पेरच्या हातून माइक पडला. "तुम्ही... तुम्हाला येतं?"

"मी शोल्ताची. एकोणिसाव्या वर्षी बोटीत बसून गेले. हे सगळे इथल्याच बेटांवरचे. सकाळपासून तुमचं ऐकतोय. आमच्या क्लबातल्या नाटकापेक्षा बरं चाललंय."

"मग युगो नव्हता हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तर तेव्हा ऑस्ट्रेलियात होतात!"

"माझा नवरासुद्धा युगोच सांगायचा. तिकडे युगो वाहतच नाही." आजींनी काठी शेगडीकडे वळवली. "तुझ्या बायकोनं सांगितलं सगळं. कोणीही भाजतं म्हणालास ना? जा, भाज."

चौतीस जणांसमोर नाही म्हणण्याची त्याच्यात हिंमत नव्हती. तो मागे गेला. दोब्रिलाने कमरेचा एप्रन सोडून त्याच्या गळ्यात टाकला आणि ती पुढे येऊन सुकाणूपाशी उभी राहिली. नांगर उचलला आणि झ्लाता शोल्ताकडे अशी निघाली, जणू तिला लहानपणची वाट सापडली. दोब्रिला आजोबांच्या मांडीवर बसून हे सुकाणू धरायला शिकली होती. हे प्रोश्पेर विसरला होता. खरे सांगायचे तर मीही विसरलो होतो.

अर्ध्या तासाने तिने माइक उचलला. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज माझ्यातून गेला.

"स्वयंपाकघराला कळवण्यात येते की धूर येतोय."

मागून एकदा झाकण वाजले.

"स्वयंपाकघराला कळवण्यात येते की बांगड्याला दोन बाजू असतात."

झाकण वाजले नाही. बहुधा तो दुसरी बाजू शोधत होता.

शोल्ताला ताटे वाढली तेव्हा बांगडे बाहेरून कोळसा आणि आतून कच्चे होते. कोबीत मीठ नव्हते, कारण सगळे मीठ बटाट्यात पडले होते. एका आजोबांनी कवळी काढून खिशात ठेवली आणि फक्त वाइन घेतली. कोणी तक्रार केली नाही. पेरिना आजी आपल्या जुन्या गावाकडे, त्या धक्क्यावरच्या घरांकडे बघत काटे काढत होत्या. त्यांचे डोळे भरले होते. ते गावामुळे की धुरामुळे, हे मला शेवटपर्यंत कळले नाही.

परतीच्या वाटेवर दोब्रिला सुकाणू सोडायला तयार नव्हती. प्रोश्पेर शेगडीची जाळी घासत होता. हात काळे, मिशी काळी, एका बोटाला भाजलेले. समोर त्रोगीरचा घंटाघराचा मनोरा दिसू लागला. धक्का आला म्हणजे बस आली आणि बस आली म्हणजे बॅग गेली. प्रोश्पेरने एकदा मनोऱ्याकडे पाहिले, एकदा बाकाकडे पाहिले, मग तो तसाच तरातरा पुढे आला. दोब्रिलापासून दोन पावलांवर उभा राहिला. तिच्याकडे पाठ केली आणि माइक उचलला.

मी सगळा जीव गोळा केला. मित्रांनो, ज्या तोंडून ते वाक्य गेले होते त्याच तोंडून आता दुसरे जाणार होते. माझे प्रायश्चित्त होणार होते! प्रोश्पेरने खटका दाबला.

आणि खटका लागलाच नाही.

त्याने फुंकर मारली, माइक मांडीवर आपटला. "हॅलो, हॅलो," म्हणाला. माझ्यातून हूं की चूं निघाले नाही. घशात मीठ भरले होते. दोब्रिलाचे पन्नास वर्षांपूर्वीचे शब्द फळाला आले होते, तेही नेमके अशा वेळी! इतकी लाज मला कोंबडीच्या काळातही वाटली नव्हती.

"मी इथे उभी आहे," दोब्रिला समोर बघत म्हणाली. "दोन पावलांवर."

प्रोश्पेर वळला. ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला.

"ऐकू नाही आलं."

"चुकलो म्हणतोय."

"इंजिनाचा आवाज फार आहे रे. काय म्हणालास?"

"चुकलो!" तो ओरडला. "कोणीही नाही भाजत! मला तर अजिबातच नाही येत! तू जाऊ नकोस, दोब्रिला!"

कर्ण्याशिवाय माणसाचा आवाज एवढा जातो, हे मला ठाऊक नव्हते. धक्क्यावर जाळी शिवणाऱ्या दुयेने मान वर केली. पावाच्या दुकानाच्या दारात लोक आले.

"मी?" दोब्रिलाने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिले. "मी कुठे जाणार? नाव माझ्या आजोबांची, घर माझ्या आईचं."

"मग ती बॅग?"

"बॅग तुझी आहे."

पेरिना आजींनी बसल्या जागी वाकून बॅग बाहेर ओढली आणि तिची चेन उघडली. वरच प्रोश्पेरचा लोकरी स्वेटर होता, त्याखाली त्याचे मोजे आणि सगळ्यांत खाली त्याची दाढीची पेटी.

"बस शिबेनिकवरूनच जाते. तिथल्या तुझ्या बहिणीशी बोलले होते मी," दोब्रिला म्हणाली. "ती म्हणाली, आठवडाभर ठेवीन. त्यापुढे तिलाही जमणार नाही."

चौतीस जणांनी टाळ्या वाजवल्या. प्रोश्पेर बॅगेवरच बसला आणि आधी रडला की आधी हसला, ते त्याच्या काळ्या तोंडावरून कळेना. दोब्रिलाने त्याच्याच गळ्यातल्या एप्रनच्या टोकाने त्याची मिशी पुसली. मग सुकाणू वळवून तिने झ्लाता धक्क्याला अशी लावली की एक पेलासुद्धा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने कापसाचा बोळा ऑलिव्हच्या तेलात बुडवला आणि माझा खटका पुसला. बावीस वर्षांनी! "बोल आता, ओरड्या," म्हणाली. तेव्हापासून आठवड्यातले तीन दिवस ती सुकाणूपाशी असते आणि प्रोश्पेर शेगडीपाशी. बांगड्याची दुसरी बाजू त्याला सापडली आहे. काही वेळा तो तिथपर्यंत वेळेवर पोहोचतोही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी जुने, बडबडे, गंजलेले असेल तर त्याला वर्षातून एकदा तरी पुसा. तेलाचा एक थेंब फार नसतो. पण एक सांगून ठेवतो. चुकलो म्हणायचे असेल तेव्हा मला खाली ठेवा आणि दोन पावले चालत जा. तेवढे एक काम मला जमत नाही आणि ते मला जमले नाही, याचे आता वाईटही वाटत नाही.

बॅग अजून बाकाखालीच आहे. मोजे त्यातच आहेत. गार वारा सुटला की प्रोश्पेर विचारतो, "आता तरी काढू का गं बाहेर?" मग दोब्रिला माइक उचलते आणि साऱ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, "स्वयंपाकघराला कळवण्यात येते की बॅग आहे तिथंच बरी आहे."