जांभळी पाटी

बेकरीतल्या पीठ मळायच्या यंत्रावर लाल, जाड, ठोकळ्या अक्षरांची पाटी होती: ‘यंत्र चालू असताना हात घालू नका.’ नव्या मॅनेजरला ती म्हणे अंगावर यायची. त्याने तीच सूचना जांभळ्या, लपेटीदार, हाताने लिहिल्यासारख्या फॉन्टात छापून लावली. वर कोपऱ्यात फूल!

“अहो, ही पाटी आहे का लग्नपत्रिका?” मुकादमबाई तेव्हाच कडाडली होती. पण साहेबापुढे तिचं ऐकतो कोण?

आठवडाभरात, नुकत्याच कामाला लागलेल्या तिच्या नणंदेच्या उजव्या हाताची तीन बोटं त्या यंत्रात गेली. दवाखान्यात ती एवढंच म्हणाली, “वहिनी, मला तो सुविचार वाटला गं. म्हणून वाचलाच नाही.”

दुसऱ्या दिवशी मॅनेजर कार्ड घेऊन हजर. ‘लवकर बरी हो!’ तीच जांभळी अक्षरं, तेच मेलं फूल.

“छान आहे ना? अगदी हाताने लिहिल्यासारखं वाटतं.”

मुकादमबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने कार्ड त्याच्याच खिशात कोंबलं.

“माझ्या नणंदेचं अक्षर याहून सुंदर होतं, साहेब. कालपर्यंत.”