मधली पट्टी

ताईला सगळे ताईच म्हणत, ऑफिसातले तिच्याहून वयानं मोठे ड्राफ्ट्समनसुद्धा. पातळ पत्रा न तापवता दुमडून केलेल्या स्टडांच्या, म्हणजे भिंतीतल्या उभ्या खांबांच्या, इमारती ती डिझाइन करायची आणि तिचा पाठचा भाऊ त्या उभ्या करायचा. त्याला या धंद्यात ओढलं तिनंच. पहिल्या दिवशी तिनं बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्याची पन्हळ दुमडून टेबलावर उभी धरली आणि त्याला वरून दाबायला सांगितलं. पुठ्ठा वाकला नाही, पिळला गेला. पत्र्याचा स्टड असाच दगा देतो, ती म्हणाली, म्हणून त्याला मध्ये धरायला कुणीतरी लागतं. भाऊ तो पुठ्ठा कित्येक दिवस खिशात घेऊन फिरत होता.

मध्ये धरायला दोन गोष्टी चालतात. एक, स्टडांच्या अर्ध्या उंचीवरून जाणारी आडवी पोलादी पट्टी. दुसरी, स्टडांवर दोन्ही अंगांनी स्क्रूनं आवळलेले भिंतीचे बोर्ड. एका दुमजली दवाखान्याच्या नकाशातून ताईनं मधली पट्टी काढून टाकली. बोर्ड लागणारच होते, मग एका कामाला दोघं कशाला? तिनं नकाशावर सूचनाही लिहिली: दोन्ही बाजूंचे बोर्ड लागल्याशिवाय भिंतीवर भार ठेवू नये. गणित चोख होतं. गणित चोख असलं की माणूस निर्धास्त होतो, आणि घात होतो तो तिथेच.

बोर्डांचा ट्रक आला नाही. क्रेन मात्र आली, आणि दुसऱ्या दिवशी ती वेगळ्या साइटवर जाणार होती. भावानं फोन केला तेव्हा ताई आईला घेऊन डायलिसिसच्या विभागाबाहेर बाकावर बसली होती. आई नर्सशी हुज्जत घालत होती, ताईच्या एका हातात आईची पिशवी आणि दुसऱ्यात फोन. बोर्ड अजून लागलेले नाहीत, छताच्या पत्र्यांचे गठ्ठे वर चढवू का, असं त्यानं नीट, स्वच्छ विचारलं. ताईनं बसल्या जागी मनात आकडेमोड केली. स्टड वाकेल का? नाही वाकणार. पिळला जाईल का, हे तिनं स्वतःला विचारलंच नाही. जे तिनं भावाला पुठ्ठ्यावर शिकवलं, तेच नेमकं त्या बाकावर तिच्या डोक्यातून निसटलं.

"चढव," ती म्हणाली. "एका जागी ढीग घालू नकोस, पसरून ठेव. एका रात्रीचा तर प्रश्न आहे."

रात्रीपर्यंत भिंत टिकलीच नाही. दुपारी वरच्या मजल्याचे स्टड एकामागोमाग पिळले गेले आणि सगळं छप्पर खाली बसलं. भाऊ क्रेनपाशी होता, बाकीचे खाली जेवायला गेले होते. वर होता फक्त बोर्ड बसवायला आलेला कारागीर, बोर्डवाला. हाताला काम नाही म्हणून सावलीत डबा उघडून बसलेला. सकाळपासून तो सगळ्यांना हसवत होता, की जावई आला आणि सासरच्या दाराला कुलूप. ज्या बोर्डांनी तो वाचला असता, त्यांचीच वाट बघत तो गेला.

भावाला त्याच संध्याकाळी पोलिसांनी नेलं. ताईनं ठरवलं, चौकशीत खरं काय ते सांगून टाकायचं. ठरवल्यावर तिच्या घशाखाली घास उतरायला लागला. तेवढ्यात भावजय आली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"त्यांचा निरोप आहे," ती म्हणाली. "फोन आईंच्या तब्येतीसाठी केला होता, असा जबाब दिलाय त्यांनी. तुम्ही काही बोलायचं नाही. दोघंही आत गेलो तर आईंना दवाखान्यात कोण नेणार, म्हणाले."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मला विचाराल तर बोला. माझा नवरा आहे तो, वन्सं. पण मला विचारतंय कोण?"

तिनं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर ताईला बरं वाटलं असतं. भावजय मात्र आत गेली, सासूचं पांघरूण सारखं केलं आणि निघून गेली.

चौकशी समितीचे प्रमुख ज्येष्ठ इंजिनिअर होते, बोलायला मऊ. त्यांनी नकाशा उलगडला, सूचनेवर बोट ठेवलं आणि ताईकडे शाबासकी दिल्यासारखं बघितलं. भाऊ दोन शिपायांच्या मध्ये बसला होता, दाढी वाढलेली, अंगात तोच शर्ट. मागच्या रांगेत बोर्डवाल्याची बायको होती. त्याचा चेपलेला डबा तिनं मांडीवर धरला होता.

"बोर्ड लागले नसताना भार चढवू का, असं यांनी तुम्हाला विचारलं होतं?" प्रमुख म्हणाले.

ताईनं तोंड उघडलं. खरं उत्तर अगदी जिभेवर होतं. तिला आईचा सुया टोचून सुजलेला हात आठवला. मग तो डबा दिसला, मग भाऊ. भाऊ तिच्याकडे बघतच नव्हता. समोर पडलेल्या कागदाची कड तो दुमडत होता, पन्हळीसारखी.

"नाही," ताई म्हणाली.

लाज वाटली ती मागाहून. आधी तिला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची किळस तिला जन्मभर पुरली.

बाहेर गाडीपाशी शिपायांनी बहीणभावाला थोडं बोलू दिलं. ताई नुसती रडत होती. भावानं तिला रडू दिलं, मग साइटवरच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "ताई, पुढच्या नकाशात मधली पट्टी घाल."

"घालते."

"बोर्ड असले तरी."

"असले तरी."

गाडी निघून गेली. ताई वळली तर मागे बोर्डवाल्याची बायको उभी होती. तिनं डबा काखेत धरला आणि हात जोडले.

"तुम्ही तर लिहून ठेवलं होतं हो," ती म्हणाली. "तुमचं कुणी ऐकलं असतं, तर माझा माणूस आज असता."

ताईनंही हात जोडले.