चैतालीची कंबर आणि शाळेचं निशाण

निशाणाची काठी कुणाची भीडभाड ठेवत नाही, हे चैतालीला शाळेच्या मैदानावर कळलं, आणि तेही अख्ख्या नववीसमोर.

पंधरा ऑगस्टला वडगावला तालुक्यातल्या शाळांचं संचलन असायचं. सगळ्यांच्या पुढे एकजण शाळेचं निशाण घेऊन चालायचं. ते एकजण म्हणजे आपणच, हे चैतालीनं पाचवीतच ठरवून टाकलं होतं. उंची होती, आवाज होता, पाय तर असा आपटायची की मैदानात चरणाऱ्या कोंबड्या कुंपणापलीकडे पळायच्या. हर्षदा मॅडमनी तिच्या कमरेला चामड्याचा पट्टा बांधला, पट्ट्याच्या खोबणीत काठी रोवली आणि म्हणाल्या, "हात सैल सोड, बघू."

तिनं हात सैल सोडला. काठी डुलत डुलत मागे आली आणि थेट तिच्या कपाळावर टेकली.

मैदानभर हशा पिकला.

"छाती काढ ना बावळट!" अनघा मागून ओरडली. अनघा म्हणजे चैतालीची जिवलग, आणि निशाणासाठी दुसरी उमेदवारही.

चैतालीनं छाती काढली, खांदे मागे नेले, हनुवटी वर. काठी आणखीच मागे गेली.

मॅडमनी बाजूनं तिचा फोटो काढला आणि मोबाइल समोर धरला. "ही बघ. कंबर पुढे, खांदे मागे, मान परत पुढे, गुडघे मागे ताणलेले. तू उभी नाहीस गं, तू स्वतःच्याच कमरेवर लोंबकळतेयस. ह्याला स्वे-बॅक म्हणतात. छाती काढून उलट वाढतं. कंबर टाचांच्या वर आण, बरगड्या खाली, गुडघे सैल."

"मग निशाण?"

"भाताची आवणी संपली की निवड. तोवर जमलं तर तू, नाहीतर अनघा."

मॅडमनी दाखवलेले व्यायाम चैतालीनं असे सुरू केले की वडिवळ्यातल्या त्यांच्या घराला हादरे बसले. सकाळी उठल्या उठल्या ओटीवर चटई टाकायची. उताणं झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलायची. मग कोपरांवर आणि चवड्यांवर अंग तोलून फळीसारखं राहायचं. मग पायात टॉवेल अडकवून मांडीमागच्या शिरा ताणायच्या. शेवटी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं.

"हे काय मधेच?" आई, म्हणजे आरती, दुधाची किटली घेऊन तिला ओलांडत म्हणाली.

"पूल करतेय."

"माझी वाट अडवून कसला पूल? आणि फळी झालीस तेव्हा मांजर पाठीवर बसलं होतं, तेही व्यायामातच का?"

"ते वजन होतं, आई."

इतकं सगळं केल्यावर अनघानं तिचा बाजूनं फोटो काढला, तर तो अगदी मॅडमच्या फोटोसारखाच! चैतालीचा चेहराच पडला. "तू घे निशाण," ती म्हणाली. अनघाला ते इतकं हवं होतं की ती "नको" म्हणू शकली नाही, आणि इतकी चांगली होती की "घेते" पण म्हणू शकली नाही. ती नुसती वेणीचं टोक चावत बसली.

रविवारी त्यांच्या खाचरात आवणी होती. वडिवळ्यात एकमेकांच्या आवणीला सगळ्या बायका जातात. आज तुझ्यात, उद्या माझ्यात. चैतालीही चिखलात उतरली. बायका ओळीनं वाकून रोपं रोवत मागे मागे सरकत होत्या. बांध आला तशा सगळ्या एकदम उठल्या, दोन्ही हात कमरेवर ठेवले, पोट पुढे ढकललं, खांदे मागे टाकले आणि "आई गंऽऽ" म्हणत तशाच गप्पा मारत उभ्या राहिल्या.

चैतालीच्या हातातली रोपांची मूठ चिखलात पडली. ओळीत शालूबाई, येसूबाई, आई, सगळ्या अगदी तिच्या फोटोसारख्या! तिनं खाली स्वतःकडे पाहिलं. तिचेही हात कमरेवर, पोट पुढे.

आत्ता कुठे ट्यूब पेटली! आवणीत कंबर दुखते म्हणून बायका अशा उभ्या राहतात, आणि त्यांचं बघून ती हापशावर, डेअरीवर, कामशेतला जायच्या टमटमची वाट बघताना, रोज तशीच उभी राहत होती. सकाळी अर्धा तास कमावलेलं दिवसभर लोंबकळून घालवत होती.

"मावशी, असं पोट पुढं टाकू नका!" ती ओरडली. "मांड्यांवर हात ठेवा, गुडघे सैल, मग कंबर टाचांवर आणत उठा."

"आता हिच्याकडनं उठायला शिकायचं व्हय?" शालूबाई म्हणाली. "काल चालाय लागली आन् आज आमाला उठाय शिकवती!"

"एकदा करून तर बघा."

शालूबाईनं सगळ्यांना डोळा मारला आणि नाटकं करत तसं केलं. मग नाटक सोडून पुन्हा एकदा केलं. "बरं वाटतंय गं. पर लक्षात कोन ठेवनार?"

"तेच तर! तुम्ही माझं ठेवा, मी तुमचं ठेवते. मी लोंबले की ओरडायचं."

हे तिनं बोलायला नको होतं. वडिवळ्याला ओरडायला निमित्तच लागत नाही, आणि इथे तर हुकूम मिळाला! दुसऱ्या दिवशी डेअरीच्या रांगेतून येसूबाईचा आवाज आला, "चैते, लोंबलीस!" हापशावरून, बांधावरून, चालत्या टमटममधून, "लोंबलीऽऽस!" पहिले काही दिवस तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तीही भाकरी थापणाऱ्या आईला ओरडू लागली. आईनं पिठाचा हात दाखवला, पण गुडघे सैल सोडले. सकाळचा पूल आणि फळी चालूच होती. दप्तराचे दोन्ही पट्टे आता दोन्ही खांद्यांवर आवळलेले असायचे. हळूहळू ओरडणारी तोंडं आळसावली, कारण ओरडायला काही सापडेना.

निवडीच्या दिवशी मुख्याध्यापक सर "दोन शब्द" बोलायला उभे राहिले, आणि ते दोन शब्द काही संपेनात. चैताली पट्टा बांधून, काठी रोवून उभी. पाय भरून आले. कंबर अगदी हळूच, चोरासारखी, पुढे सरकायला लागली. इथे ओरडणारं कुणी नव्हतं. काठीचं टोक मागे यायला निघालं, तेवढ्यात तिलाच ते कमरेत जाणवलं. तिनं गुडघे सैल केले, बरगड्या खाली घेतल्या, कंबर टाचांवर आणली. काठी सरळ झाली.

सर बसले. हर्षदा मॅडम बाजूला जाऊन एक डोळा मिटून पाहू लागल्या.

"श्वास घे गं, मरशील."

तिनं श्वास घेतला. काठी हलली नाही.

"चाल."

ती चालली. जवळच्या धरणावरून आलेल्या वाऱ्यानं निशाण फडफडलं, पट्टा ओढला गेला, तरी ती वळून जागेवर आली तेव्हा काठी उभीच्या उभी होती.

मॅडमनी अनघाकडे पाहिलं. अनघा आपणहूनच म्हणाली, "मॅडम, मी तिच्या मागच्या रांगेत. पण पुढच्या वर्षी मी."

"बघू पुढच्या वर्षी. चैताली, पुढे तू."

चैतालीला उड्या माराव्याशा वाटल्या, अनघाला मिठी मारावीशी वाटली. पण काठी खोबणीत होती. म्हणून ती हलली नाही. जागच्या जागी, ताठ उभी राहून, बत्तीशी दाखवत हसत राहिली.